चोवीस तासांचा रिले: संघाने मिळून संस्थेसाठी निधी उभा करायचा तर

पहाटे साडेचारला ट्रॅकवर कोण असेल हे ज्या संघाने महिनाभर आधी कागदावर लिहून ठेवलेलं असतं, त्याचा उपक्रम बहुधा पार पडतो. नुसत्या उत्साहावर निघालेल्या संघाची गाडी रात्री एकच्या सुमारास अडते. अशा उपक्रमांत मी तीनदा धावलो आहे आणि दोनदा नियोजनाची बाजू सांभाळली आहे. दोन्ही बाजू पाहिल्यावर एक गोष्ट पक्की झाली. पायांची ताकद लागतेच, पण काम तडीला जातं ते पाळ्यांच्या वेळापत्रकावर आणि पैशांच्या हिशेबावर. म्हणून या लेखात व्यायामाइतकीच जागा कागदकामाला दिली आहे.

आधी प्रकार ठरवा

संघाने करायच्या दमसासाच्या आव्हानांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात सगळे जण सगळं अंतर सोबत पार करतात. ‘ट्रेलवॉकर’ हे याचं ठळक उदाहरण. १९८१ मध्ये हाँगकाँगमध्ये गुरखा सैनिकांचा सराव म्हणून ते सुरू झालं आणि पुढे ऑक्सफॅम या संस्थेच्या निधी संकलनाशी जोडलं गेलं. चौघांच्या संघाने ४८ तासांच्या आत १०० किलोमीटर चालायचं, असं त्याचं स्वरूप. इथे संघाचा वेग म्हणजे सर्वांत मंद माणसाचा वेग. एकाच्या टाचेला फोड आला की चौघांचाही वेग उतरतो.

दुसरा प्रकार रिलेचा. एका वेळी एकच जण मैदानात असतो, बाकीचे विश्रांती घेतात आणि घड्याळ मात्र थांबत नाही. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या टकोमा शहरात गॉर्डी क्लॅट या शल्यविशारदाने कर्करोगाच्या कामासाठी २४ तास ट्रॅकवर फेऱ्या मारल्या. तो एकटाच होता, पण त्यातूनच पुढे ‘रिले फॉर लाइफ’ हा संघांचा उपक्रम उभा राहिला.

पहिल्यांदाच करणाऱ्या संघाने रिलेच निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या क्षमतेची माणसं सामावतात. कोणी धावेल, कोणी भरभर चालेल. एखाद्याला मध्येच थांबावं लागलं तरी उपक्रम चालू राहतो. धावण्याऐवजी स्थिर सायकल किंवा रोइंग मशीनही चालतं. सांध्यांवर आदळआपट कमी होते आणि पाऊस-उन्हाची चिंता मिटते. जिन्याने एव्हरेस्टची उंची चढण्याची कल्पनाही लोकांना पटकन भावते. ८,८४८.८६ मीटर उंची आणि १७ सेंटिमीटरची पायरी धरली तर साधारण ५२ हजार पायऱ्या होतात. मात्र उतरताना गुडघे आणि मांड्या फार दुखावतात. उतरायला लिफ्ट असेल तरच हा प्रकार घ्या.

पुढचं सगळं मी आठ जणांच्या, चोवीस तासांच्या धावण्या-चालण्याच्या रिलेवर बेतलं आहे. सायकल किंवा रोइंगसाठी पाळ्यांची लांबी बदलेल, बाकी गणित तेच राहील.

संस्थेशी बोलणं आणि पैशांची वाट

बूट बांधण्याआधी हे काम उरका. ज्या संस्थेसाठी निधी जमवायचा तिच्याशी प्रत्यक्ष बोला आणि तीन गोष्टी लेखी घ्या. तुम्ही त्यांचं नाव आणि चिन्ह वापरू शकता का? आलेला पैसा नेमका कुठल्या कामाला जाईल? देणगीदाराला पावती कोण आणि किती दिवसांत देईल? संस्थेची नोंदणी चालू आहे का आणि तिचे वार्षिक हिशेब पाहायला मिळतात का, हेही तपासा. विचारताना संकोच वाटतो खरा, पण उद्या तुमचा शेजारी हेच प्रश्न तुम्हाला विचारणार आहे. निधी संकलनाचे आणि करसवलतीचे नियम देशागणिक वेगळे असतात. ते संस्थेच्या हिशेबनीसाकडूनच समजून घ्या.

देणगी थेट संस्थेच्या खात्यात जाईल अशीच व्यवस्था करा. कर्णधाराच्या किंवा कुणा सदस्याच्या वैयक्तिक खात्यात एक पैसाही नको. हेतू कितीही स्वच्छ असला तरी चार महिन्यांनी कोणते पैसे कोणाचे हे सांगता येत नाही आणि जुनी मैत्री अवघडून बसते. रोख रक्कम आलीच तर दोघांनी मिळून मोजायची, त्याच दिवशी वहीत मांडायची, दोघांनी सही करायची.

खर्चाचं पाकीट वेगळं ठेवा. मैदानाचं भाडं, विमा, प्रथमोपचार, टी-शर्ट, खाणं हे सगळं सदस्यांनी वर्गणीतून किंवा एखाद्या प्रायोजकाकडून भागवावं. म्हणजे देणगीदाराला सांगता येतं की तुमची पूर्ण रक्कम संस्थेला जाते. ते शक्य नसेल तर किती वाटा खर्चात जाईल हे आवाहनातच लिहा. आणि टी-शर्ट नसले तरी काही अडत नाही.

संघात कोण कोण

आठ धावणारे आणि एक राखीव. राखीव माणसाने सराव इतरांइतकाच करायचा असतो. हे त्याला आधीच सांगा, नाहीतर तो फक्त नावापुरता उरतो. प्रत्येकाने सुरुवातीलाच आपली प्रकृती लिहून द्यावी: छातीत दुखणं, चक्कर, श्वास लागणं, रक्तदाब, मधुमेह, दमा, चालू औषधं, जुनी दुखापत. यातलं काहीही असेल, किंवा बरीच वर्षं व्यायामच नसेल, तर डॉक्टरांना विचारूनच सराव सुरू करायचा. हे कागद एका बंद पाकिटात ठेवून उपक्रमाच्या दिवशी प्रथमोपचार करणाऱ्याकडे द्यायचे.

धावणाऱ्यांइतकीच न धावणारी माणसं लागतात. वेळ नोंदवणारा, खाण्यापिण्याचं पाहणारा, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेला, आलेल्या देणग्यांवर आणि निरोपांवर लक्ष ठेवणारा. यांच्याही चार-सहा तासांच्या पाळ्या लावा. जो माणूस सलग चोवीस तास सगळ्यांसाठी राबतो तोच पहाटे सर्वांत आधी कोसळतो, हे मी पाहिलं आहे.

एक भूमिका मात्र मला सगळ्यांहून महत्त्वाची वाटते. थांबवणारा माणूस. कोणालाही मैदानातून बाहेर काढण्याचा आणि गरज पडली तर सगळा उपक्रम बंद करण्याचा अधिकार एका न धावणाऱ्या व्यक्तीकडे असावा. तिचा शब्द अंतिम. कर्णधार स्वतः धावत असेल तर हा अधिकार त्याच्याकडे नको. थकलेल्या, झोप न झालेल्या माणसाचा अंदाज चुकतो आणि हे त्याला स्वतःला कळत नाही. आमच्या पहिल्या उपक्रमात असा कोणी नेमलेला नव्हता. पोटरी धरलेला एक मित्र ‘एवढी एक पाळी’ म्हणत दोन पाळ्या पळाला, आणि त्याला थांब म्हणायला आमच्यातल्या कोणाचीच जीभ रेटली नाही. त्याला पुढे दोन महिने नीट चालता येत नव्हतं. दुसऱ्या वर्षी हे काम आम्ही एका निवृत्त परिचारिकेकडे दिलं. त्यांनी रात्री दोघांना बाहेर बसवलं आणि कोणी एक शब्दही काढला नाही.

पाळ्यांचं वेळापत्रक

आठ जण, चोवीस तास, म्हणजे माणशी तीन तास. हे तीन तास कसे वाटायचे यावर सगळी रात्र अवलंबून असते.

तासाभराच्या तीन पाळ्या घेतल्या तर विश्रांती लांब मिळते, पण नवख्याला शेवटची पंधरा मिनिटं जड जातात आणि वेग पडतो. दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या रोइंग मशीनवर ठीक. धावताना सारखं उठबस करून माणूस विटतो. अर्ध्या तासाच्या सहा पाळ्या मला सर्वांत जमलेल्या वाटतात. मात्र चोवीस तास तोच क्रम फिरवत ठेवलात तर प्रत्येकाला दोन पाळ्यांमध्ये साडेतीन तासच मिळतात. त्यात कपडे बदलणं, खाणं, पुन्हा तयार होणं वजा केलं की झोप जेमतेम दीड-दोन तासांची उरते, तीही तुटक. म्हणून रात्रीपुरता क्रम मोडायचा.

समजा सकाळी ११ ला सुरुवात आहे. आठांचे दोन गट करा, पहिला आणि दुसरा, प्रत्येकी चौघे.

११ ते ३, ३ ते ७ आणि संध्याकाळी ७ ते रात्री ११ अशा तीन फेऱ्यांत आठही जण ओळीने अर्धा-अर्धा तास धावतील, आधी पहिला गट, मग दुसरा. रात्री ११ ते ३ फक्त पहिला गट. चौघे आलटून-पालटून, प्रत्येकी दोन पाळ्या. ३ ते ७ फक्त दुसरा गट, तसंच. सकाळी ७ ते ११ पुन्हा आठही जण एकेकदा.

हिशेब करून पाहा. प्रत्येकाच्या सहाच पाळ्या होतात, म्हणजे तीन तास. आणि प्रत्येकाला रात्री सलग साडेपाच तास मोकळे मिळतात. पहिल्या गटातला पहिला माणूस दीडला सुटतो आणि थेट सातला उभा राहतो. दुसऱ्या गटातला शेवटचा अकराला सुटतो आणि साडेचारला. साडेपाच तासांत चार तास तरी पडता येतं, आणि चार तास सलग झोपलेला माणूस सकाळच्या पाळीला वेगळाच दिसतो.

दुसऱ्या गटात कोणाला घालायचं? पहाटे तीन ते सहा हा शरीराचा सर्वांत मरगळलेला काळ. शरीराचं तापमान उतरलेलं असतं आणि झोपेची ओढ सर्वांत जास्त असते. एरवी लवकर उठणारी माणसं या गटात घ्या. रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्यांना पहिल्या गटात ठेवा. दोन्ही गटांत एक तरी अनुभवी आणि शांत माणूस हवा.

आता बदलीचं बघा. अर्ध्या तासाच्या पाळ्या म्हणजे ४८ पाळ्या आणि ४७ बदल्या. प्रत्येक बदलीत एक मिनिट गेलं तरी ४७ मिनिटं वाया. ताशी ९ किलोमीटर वेगाने ती सात किलोमीटर होतात. उपाय सोपा आहे. पुढच्याने बदलीच्या पाच मिनिटं आधी रेषेजवळ उभं राहायचं आणि त्याच्या मागच्याने त्याच बदलीच्या पंधरा मिनिटं आधी, म्हणजे स्वतःच्या पाळीच्या पाऊण तास आधी, जागं असायचं. वेळ नोंदवणाऱ्याकडे या दोन हाकांची यादी हवी. हातात द्यायला पट्टा किंवा काठी ठेवा, म्हणजे बदली झाली की नाही यावर वाद होत नाही.

कोणी गळालं आणि राखीवही आधीच मैदानात असेल तर? सुरुवातीलाच एक जण कमी झाला तर त्याचे १८० मिनिटं सात जणांत वाटली जातात, म्हणजे माणशी साधारण २६ मिनिटं, जवळपास एक पाळी जास्त. हे झेपतं. दोघे कमी झाले की प्रत्येकावर पूर्ण चार तास येतात. तेव्हा धावणं सोडून चालायला लागायचं, हे आधीच ठरवून टाका. रात्री दोनला अशी चर्चा करू नये.

अंतराचं लक्ष्यही याच हिशेबातून येतं. ताशी ९ ने २१६ किलोमीटर, ताशी ७ ने १६८. पहिल्या वेळी दोन्हींच्या मधला आकडा जाहीर करा आणि तोही खालच्या बाजूला झुकलेला.

बारा आठवड्यांचा सराव

सराव थोडक्यात सांगतो, कारण इथे बहुतेकांची चूक एकच असते: फार लवकर, फार जोरात. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, पण स्नायुबंध आणि हाडं मागून येतात. दम लागत नाही म्हणून अंतर वाढवत नेलं की नडगी किंवा टाच बोलायला लागते.

पहिले चार आठवडे आठवड्यातून तीन-चार दिवस, अर्धा ते पाऊण तास, बोलता येईल इतक्याच वेगाने. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग कमी करा. नवख्यांनी चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं असं सुरू करावं. आठवड्यातून दोनदा मांड्या, पोटऱ्या, पाठ आणि पोटाचे ताकदीचे व्यायाम.

पाचव्या आठवड्यापासून रिलेचा खास सराव: एकाच दिवशी दोनदा धावायचं. सकाळी अर्धा तास, चार तासांनी पुन्हा अर्धा तास. दुसऱ्या खेपेला आखडलेले पाय कसे सुटतात हे याशिवाय कळत नाही. आठव्या आठवड्यापर्यंत एका दिवसात तीन खेपा व्हायला हव्यात.

नववा किंवा दहावा आठवडा रंगीत तालमीचा. रात्री १० ते सकाळी ६, सगळा संघ, तेच बूट, तेच खाणं, तेच दिवे, तोच हाकांचा क्रम. हे कृपा करून टाळू नका. आमच्या तालमीत कळलं की मैदानाचे दिवे रात्री बाराला आपोआप बंद होतात आणि स्वच्छतागृहाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो गावाला गेला आहे. अशा गोष्टी यादीत कधीच येत नाहीत.

शेवटचे दोन आठवडे सरावाचं प्रमाण निम्म्यावर आणा, वेग नेहमीचाच राहू द्या. शेवटच्या तीन रात्री भरपूर झोप घ्या. या काळात राहिलेला सराव भरून काढायला गेलेला माणूस हमखास दुखापत घेऊन येतो.

पैसे मागायचे कसे

सर्वांत जास्त लाज इथेच वाटते आणि म्हणूनच हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. आवाहन सहा आठवडे आधी सुरू करा.

प्रत्येक सदस्याने पहिल्याच बैठकीत ४० नावं लिहायची. मोबाइल उघडून, खरीखुरी नावं. त्यातल्या २५ जणांनी दिलं तरी आठ सदस्यांच्या मिळून २०० देणग्या होतात. लक्ष्याची रक्कम या संख्येवरून काढा: तुमच्या ओळखीतला माणूस सहज किती देईल, गुणिले २००. आकाशातून आणलेला मोठा आकडा नको.

मग क्रम. सर्वांत जवळच्या पाच जणांना आधी, प्रत्यक्ष भेटून किंवा फोन करून विचारायचं, आणि त्यांना थोडी मोठी रक्कम मागायची. याला आधार आहे. लंडन मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्यांच्या निधी संकलनाच्या पानांचा ब्रिटनमधल्या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा आधीच्या देणग्यांची रक्कम मोठी दिसली की पुढचे देणगीदारही जास्त देतात असं आढळलं. पहिला आकडा पुढच्यांचं माप ठरवतो. म्हणून पान जगजाहीर करण्याआधी त्यावर चार-पाच चांगल्या देणग्या दिसल्या पाहिजेत, आणि त्यातली एक तुमची स्वतःची असावी.

त्यानंतर दुसरं वर्तुळ: सहकारी, जुने वर्गमित्र, शेजारी. त्यांना एकेकट्याला, नावाने निरोप पाठवा. गटात टाकलेला निरोप सगळे वाचतात आणि प्रत्येकाला वाटतं की दुसरा कोणी देईल. सगळ्यांसाठीचं जाहीर आवाहन शेवटी.

निरोप छोटा असावा. मी साधारण असा लिहितो: ‘अमुक तारखेला आम्ही आठ जण चोवीस तास न थांबता आळीपाळीने धावणार आहोत. माझ्या वाट्याला तीन तास आणि पहाटे साडेचारची पाळी आली आहे. जमणारी सगळी रक्कम अमुक कामासाठी थेट संस्थेच्या खात्यात जाईल. तू यात अमुक इतकी मदत करशील का?’ शेवटच्या वाक्यात आकडा हवाच. ‘जमेल तेवढं दे’ म्हटलं की समोरचा माणूस संकोचतो, किती द्यावं ठरवू शकत नाही आणि विषय राहून जातो.

पहाटेची पाळी मुद्दाम लिहायची. ख्रिस्तोफर ऑलिवोला आणि एल्डार शफीर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असं दिसलं, की निधीसाठीचा कार्यक्रम कष्टाचा असेल तर लोक सुखासीन कार्यक्रमापेक्षा जास्त द्यायला तयार होतात. तुमचे कष्ट खरे आहेत, ते सांगायला लाजू नका. पण याच कारणासाठी जखमी पायाने धावत राहण्याचा मोह होतो, आणि तिथेच तो थांबवणारा माणूस लागतो.

दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम, हा जुना प्रकार मला फारसा आवडत नाही. नंतर वसुली करावी लागते आणि संघावर अंतराचा दबाव येतो. कोणी आग्रहच धरला तर कमाल रक्कम ठरवून घ्या. एरवी देणगी अंतराशी बांधू नका. टेरी फॉक्सचं उदाहरण इथे नेहमी आठवतं. कर्करोगात एक पाय गमावलेला हा तरुण १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायाने कॅनडा ओलांडायला निघाला. जवळपास रोज मॅरेथॉनइतकं अंतर तो धावत होता. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर झाल्यावर आजार फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावं लागलं. देश ओलांडायचा राहिला. तरीही देशातल्या प्रत्येकामागे एक डॉलर जमवायचं त्याचं स्वप्न फेब्रुवारी १९८१ पर्यंत पुरं झालं. दोन कोटी चाळीस लाख डॉलरच्या वर निधी उभा राहिला. लोकांनी पैसे दिले ते त्याच्या हेतूला.

तुमच्या किंवा सदस्यांच्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या देणगीइतकीच रक्कम आपल्याकडून घालतात का, हे नक्की विचारा. अशा योजनेची अनेक कर्मचाऱ्यांना माहितीच नसते.

खाणं आणि पाणी

नियम एकच: तालमीत न खाल्लेलं काहीही त्या दिवशी खायचं नाही. पाळी संपली की अर्ध्या-पाऊण तासात पिठूळ आणि थोडं प्रथिनयुक्त खाणं. वजनाच्या दर किलोला एक ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ६० ग्रॅम. पुढच्या पाळीच्या आधीच्या तासात जड काही नको, फार तर एखादं केळं. दुपारनंतर गोड खाऊन तोंड विटतं, म्हणून खारट पदार्थही हवेत.

पाणी तहानेप्रमाणे प्या. ‘पीत राहा, पीत राहा’ हा सल्ला धोक्याचा ठरू शकतो. बॉस्टन मॅरेथॉनच्या २००२ च्या धावपटूंची तपासणी केली तेव्हा रक्त तपासलेल्यांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळलं आणि धावताना वजन वाढणं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पिणं, हे त्याचं मुख्य कारण निघालं. मैदानावर वजनकाटा ठेवा. दर दोन पाळ्यांनंतर वजन पाहा. थोडं उतरणं ठीक आहे, वाढलं असेल तर पाणी आवरा.

कॉफीचा असर अर्धा व्हायलाच साधारण पाच तास लागतात. रात्रीच्या मोकळ्या साडेपाच तासांच्या तोंडावर ती घेतलीत तर झोप गेलीच. पहिल्या गटाने मध्यरात्रीनंतर टाळावी, दुसऱ्या गटाने उठल्यावर घ्यावी.

वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन, घेऊन धावू नका. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना त्या मूत्रपिंडांवर ताण आणतात. शिवाय दुखणं झाकलं गेलं की कुठे थांबायचं ते कळत नाही.

त्या दिवशी आणि त्या रात्री

पहिली पाळी सगळेच वेगात पळतात. लोक टाळ्या वाजवत असतात, फोटो निघत असतात. वेळ नोंदवणाऱ्याने पहिल्या दोन फेऱ्यांत प्रत्येकाला मुद्दाम मागे ओढावं. ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेग दिसला की हाक मारायची.

पाळी संपताच ओले कपडे दहा मिनिटांच्या आत बदला, मोजेसुद्धा. रात्री घाम गार पडला की हुडहुडी भरते आणि स्नायू आखडतात. मांड्यांच्या आणि काखेच्या जागी सालटं निघू नयेत म्हणून आधीच व्हॅसलीन लावा. पायात कुठे चुरचुरलं तर त्याच पाळीनंतर तिथे चिकटपट्टी. फोड यायची वाट पाहू नका. झोपण्याची जागा मैदानाच्या गोंगाटापासून दूर, अंधारी आणि उबदार हवी. झोपेतून उठल्यावर पंधरा ते तीस मिनिटं डोकं जड असतं, म्हणून पाळीच्या अर्धा तास तरी आधी उठवा.

रात्रीच्या प्रत्येक पाळीत ट्रॅकवर धावणाऱ्याशिवाय आणखी एक माणूस जागा असलाच पाहिजे. रस्त्यावर धावत असाल तर परावर्तक पट्टे, दिवा आणि सायकलवरचा सोबती हवा, आणि कानात गाणी नकोत. हृदयाला विजेचा झटका देणारं एईडी यंत्र सर्वांत जवळ कुठे आहे आणि रुग्णवाहिका कोणत्या फाटकाने आत येईल, हे प्रत्येकाला ठाऊक असावं.

पुढचं पान छापून थांबवणाऱ्या माणसाच्या टेबलावर लावा.

छातीत दुखणं, भोवळ, धडधड न थांबणं: तात्काळ थांबवा, रुग्णवाहिका बोलवा.

गोंधळलेलं बोलणं, अडखळती चाल, तापलेलं अंग: उष्माघात समजा. आधी जागच्या जागी गार करा, शक्य असेल तर थंड पाण्यात बसवून, नाहीतर भरपूर गार पाणी आणि वारा. रुग्णवाहिका त्याच वेळी बोलवा, पण ती येईपर्यंत गार करणं थांबवू नका.

डोकेदुखी, मळमळ, सुजलेली बोटं, गोंधळ आणि वाढलेलं वजन: पाणी जास्त झाल्याची शंका. आणखी पाणी पाजू नका, डॉक्टरांकडे न्या.

लघवी गडद तपकिरी: स्नायू फार मोडल्याची खूण. त्या माणसाची पाळी तिथेच संपली, तपासणी त्याच दिवशी.

चाल बदलवणारी वेदना: लंगडत धावायचं नाही. राखीव माणूस आत.

देणग्यांकडे पाहणाऱ्याने दर तीन-चार तासांनी एक छोटा निरोप पाठवावा: किती किलोमीटर झाले, आत्ता कोण धावतंय, निधी किती झाला. पहाटेचा निरोप विसरू नका. सकाळी उठून लोक तोच आधी वाचतात आणि राहून गेलेली देणगी तेव्हाच देतात.

नंतरचे तीस दिवस

संपल्यावर कोणीही लगेच गाडी चालवत घरी जायचं नाही. झोपेची थकबाकी असलेला माणूस चाकामागे धोकादायक असतो. न धावलेल्यांनी सोडायला जावं. दोन-तीन दिवस हलकं चालणं, आठवडाभर धावणं नाही.

४८ तासांत प्रत्येक देणगीदाराला नावाने आभार कळवा. हे काम आठ जणांत वाटलं तर माणशी पंचवीस निरोप होतात, एका संध्याकाळचं काम. देणगीचं पान आणखी तीन आठवडे उघडं ठेवा. फोटो पाहून देणारे बरेच असतात.

महिन्याच्या आत हिशेब मिटवा. एका पानावर चार ओळी पुरतात: एकूण किती देणग्या, एकूण रक्कम, खर्च किती आणि तो कोणी केला, संस्थेला कोणत्या तारखेला किती पोहोचले. सोबत संस्थेचं पोचपत्र. हे पान सगळ्यांना पाठवा, दहा रुपये दिलेल्यालाही. पैसे कामाला लागले की सहा महिन्यांनी संस्थेकडून दोन वाक्यं आणि एक फोटो मागून घ्या आणि तेही पाठवा.

आणि ते पाळ्यांचं वेळापत्रक टाकून देऊ नका. त्यावर वेळ नोंदवणाऱ्याने पेनाने खऱ्या वेळा लिहिलेल्या असतात, कोण कुठे मंदावला, कोणती बदली चुकली, किती वाजता चहा संपला. पुढच्या संघाच्या पहिल्या बैठकीत टेबलावर ठेवायचा कागद तोच.